कालवणाला कालवण म्हणा

मी स्वयंपाक शिकवते. वर्गात येणारी मुलंमुली विशीच्या आतबाहेरची असतात. पुढे कुणी हॉटेलात जाईल, कुणी जहाजावर, कुणी घरचाच डब्याचा व्यवसाय वाढवील. होळीच्या सुमारास मी न चुकता कटाची आमटी शिकवायला घेते. यंदा एका मुलीनं वही उघडली, पेन धरलं आणि अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, हिला बेस ग्रेव्ही कोणती?"

मुलगी हुशार आहे, तिचा हातही चांगला आहे. तिला शिकवलंच तसं गेलंय. हॉटेलच्या स्वयंपाकात आधी मोठमोठी पातेली लागतात: कांदा-टोमॅटोची लाल, काजू-कांद्याची पांढरी, मखनी, पालकाची हिरवी. ऑर्डर आली की त्यातली डावभर कढईत ओतायची, पनीर पडलं तर एक नाव, मटार पडले तर दुसरं. शंभर माणसांना वेळेवर जेवू घालायचं तर ही पद्धत सोयीची आहे, ती मीही शिकवते. पण कटाच्या आमटीला बेस ग्रेव्ही नसते, असूच शकत नाही. हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवायची, पुरणासाठी ती चाळणीवर उपसायची आणि खाली जे दाटसर, पिवळट पाणी उरतं तो कट. त्यात चिंच, गूळ, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला आणि मूठभर पुरण. पुरण घातलं नाही तर कट कुठून आणणार? पदार्थ आधी आणि रस्सा त्याच्या पोटातून, असा हा क्रम आहे. "कट" हा शब्द त्या मुलीच्या कानावर नीट पडला असता तर हा प्रश्न तिला पडलाच नसता.

मला जे म्हणायचं आहे ते इतकंच आहे. आपल्या पातळ पदार्थांची नावं ही निव्वळ नावं नव्हेत. त्यांच्यात कृती साठवलेली आहे. नाव गेलं की पाठोपाठ कृती जाते, आणि ती जाताना मी वर्गात रोज पाहते आहे.

माझं माहेर अलिबागच्या किनाऱ्याकडचं, सासर बार्शीचं. कालवण हा शब्द मला दोन्हीकडे मिळाला. माहेरी कालवण म्हणजे मासळीचं, दुसरं कशाचं नाहीच. बोंबलाचं, बांगड्याचं, वादळी पावसात होड्या किनाऱ्याला लागल्या की सुक्या जवळ्याचं. लसूण, मिरची, कोथिंबीर, घरचा मसाला, चिंच किंवा आमसूल, आणि भाताला पुरेल इतकं पाणी. लग्न होऊन बार्शीला आले तेव्हा सासूबाईंनी, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, विचारलं, "कालवण कशाचं टाकू?" आणि पुढे स्वतःच म्हणाल्या, "वांगी हायती." वांग्याचं कालवण! मला ते कितीतरी दिवस कानाला चमत्कारिक वाटायचं.

पुढे लक्षात आलं की दोन्ही घरं बरोबरच बोलत होती, कारण या शब्दात मासळीही नाही आणि वांगंही नाही. त्यात फक्त कालवणं आहे. दळणं त्यावरून दळण, कांडणं त्यावरून कांडण, वाटणं त्यावरून वाटण, तसं कालवणं त्यावरून कालवण. मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ची, तो शब्द नोंदलेला आहे. म्हणजे ज्यानं कालवायचं ते कालवण. पण कालवायचं कुणी आणि कुठे? बोंबलाचं कालवण चुलीवर असताना त्यात पळी घालायची नाही, हे माहेरी लहान पोरीलाही ठाऊक असतं. बोंबील इतका नाजूक की ढवळला की विरला. उकळी आली की टोप दोन्ही कानांनी धरून नुसता फिरवायचा. कालवण चुलीवर कालवलं जातच नाही. ते कालवलं जातं ताटात, जेवणाऱ्याच्या बोटांनी, भाताशी किंवा भाकरीशी. स्वयंपाक करणारीनं पदार्थ ताटात वाढला तरी तो अजून पुरा झालेला नाही, शेवटचा हात जेवणाऱ्याचा आहे, हे त्या एका शब्दात सांगून ठेवलेलं आहे. मला जगातल्या कुठल्याही स्वयंपाकघरातला यापेक्षा नेमका शब्द ठाऊक नाही.

गोपाळकाल्यातला काला याच घरचा. सप्ताह संपतो तो काल्याच्या कीर्तनानं, आणि मग दही, पोहे, लाह्या एकत्र करून सगळ्यांच्या हातावर पडतात. भाषेनं हे क्रियापद ताटापुरतं ठेवलं नाही. माणसं कानात विष कालवतात, कुणाचं दुःख पाहून पोटात कालवाकालव होते. ज्या शब्दानं मनातली घालमेल सांगता येते तो शब्द रोज दोन वेळा ताटात वावरलेला असतो म्हणूनच तिथवर पोचतो.

बार्शीला मी आणखी एक शब्द शिकले, कोरड्यास. "आज कोरड्यास काय केलंय?" असं शेजारीण भिंतीवरून विचारायची. सुरुवातीला मला वाटायचं, कोरडी भाजी विचारतेय. उलटंच होतं. शाळेत आपण विभक्ती पाठ केली होती, स, ला, ते. कोरड्यास म्हणजे कोरड्याला. कोरड्या भाकरीला ओलं करायला जे लागतं ते, मग ती आमटी असो, पिठलं असो की रस्सा. अख्खा पदार्थ चतुर्थीच्या प्रत्ययात उभा आहे. आणि तो शब्द त्याच मुलुखात का रुजला हे तिथल्या रानात पाहिलं की कळतं. सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकट ग्लुटेन नसतो, म्हणून भाकरी थापावी लागते, लाटता येत नाही, आणि तव्यावरून उतरल्यावर निवली की ती कडक होत जाते. रानात दुपारी सोडलेली सकाळची भाकरी ओल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. तिला कुस्करून आमटीत घालायची, थोडी मुरू द्यायची. तिथल्या आमट्या पातळ आहेत त्या या मुरण्यासाठी. हॉटेलातली दाट ग्रेव्ही भाकरीवर घातली तर ती वरच बसते, आत शिरत नाही. ती नानच्या तुकड्यानं उचलायला केलेली असते.

आणखी एक कुळ पाहा. गुळवणी, चिंचवणी, येळवणी. शेवटचं "वणी" म्हणजे पाणी. गुळाचं पाणी ते गुळवणी, आमच्या सासरी पुरणपोळी त्याच्याशी खातात. चिंचेचं पाणी ते चिंचवणी. आणि येळणं म्हणजे शिजलेल्या डाळीचं पाणी निथळून काढणं, ते पाणी येळवणी. कुणी कट म्हणतं, कुणी येळवणी, वस्तू एकच. हे पाणी फेकायचं नाही, त्यात डाळीचं सत्त्व उतरलेलं आहे, त्यातला स्टार्च आणि प्रथिनं आमटीला अंग देतात. काटकसरीत वाढलेल्या बायकांनी त्या पाण्याला स्वतंत्र नाव दिलं, म्हणून ते मोरीत गेलं नाही. ज्या वस्तूला नाव असतं ती जपली जाते. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी डाळ उपसली की निम्मी मुलं ते पाणी सिंककडे घेऊन निघतात.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे लग्नाच्या पंगतीला येसराची आमटी असते, कुणी येसूर म्हणतं. धान्यं आणि डाळी खमंग भाजून, मसाल्यासह दळून ठेवलेलं ते पीठ. पाण्यात कालवून उकळलं की पंगतीला पुरेशी आमटी. पिठाची असूनही ती खळीसारखी घट्ट का होत नाही, असं मुलं विचारतात. पीठ जितकं जास्त भाजावं तितकी त्याची दाटवण्याची ताकद कमी होते, कारण उष्णतेनं स्टार्च तुटतो. फ्रेंच स्वयंपाकात लोणी आणि मैदा भाजून जे दाटवण करतात त्यालाही हाच नियम लागू आहे. काळपट भाजलेलं कमी दाटवतं, पण चव खोल देतं. आमच्या मुलांना फ्रेंच नाव पाठ असतं आणि येसर हा शब्द परीक्षेनंतरही माहीत नसतो. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

आता त्या ग्रेव्हीकडेही नीट पाहू, कारण तिच्यावर उगाच अन्याय करायचा नाही. या इंग्रजी शब्दाचं मूळ मोठं विलक्षण आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांनी १३९०च्या सुमारास केलेला "द फॉर्म ऑफ क्युरी" नावाचा पाककृतींचा संग्रह आहे. त्यातल्या क्युरीचा आपल्या करीशी संबंध नाही, तिथे त्याचा अर्थ स्वयंपाक. त्यात सशाची ग्रेव्ही आहे आणि कालवांची, म्हणजे शिंपल्यातल्या कालवांचीही आहे. कोशकारांचं सर्वसाधारण मत असं की जुन्या फ्रेंचमध्ये शब्द होता "ग्राने", दाण्यांचा, मसाल्याचा. हस्तलिखितात रोमन "एन" आणि "यू" ही अक्षरं सारखीच दिसत, आणि "यू" व "व्ही" यांत त्या काळी फरकच नव्हता. कुणीतरी "ग्राने"चं "ग्रावे" वाचलं आणि ते तसंच पुढे चालत आलं.

पण मला त्या वाचनाच्या घोळापेक्षा सशाची कृती जास्त महत्त्वाची वाटते. ससा तोडून उकळायचा, चांगल्या रश्शात सोललेले बदाम वाटून घालायचे, साखर घालायची, सुंठेची पूड घालायची. वाटलेला सुका मेवा, मांसाचं पाणी आणि आलं. कोल्हापूरचा पांढरा रस्सा ज्यानं केला आहे त्याला हे लगेच ओळखू येईल. तिथे मटणाचं अळणी, म्हणजे तिखट न घातलेलं शिजवणीचं पाणी, त्यात ओल्या नारळाचं दूध, काजू, तीळ किंवा खसखस यांचं वाटण, आलं-लसूण. पहिली ग्रेव्ही ही वाटणाचा पदार्थ होती. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ बदलत जाऊन भाजलेल्या मांसातून झिरपणारा रस असा झाला, आणि मग त्या रसात पीठ घालून केलेलं दाट, तपकिरी सॉस. आपल्याकडे हा शब्द हॉटेलांतून आला आणि पुन्हा वाटणाला चिकटला. म्हणजे ग्रेव्ही या शब्दालाही एके काळी स्वतःची कृती होती, दाणे वाटण्याची. ती गळून पडली आणि आता त्यात उरलं आहे ते एवढंच की पदार्थ सुका नाही. वेटर विचारतो, "ड्राय की ग्रेव्ही?" आणि आपण उत्तर देतो.

यावर मला नेहमी एक आक्षेप ऐकवला जातो, आणि तो घरातूनच येतो. माझा मुलगा म्हणतो, "आई, भाषा बदलतेच. बटाटा पोर्तुगीज, काजू पोर्तुगीज, पाव पोर्तुगीज. शेरवा म्हणतेस तो फारसी. नागपूरची तर्रीसुद्धा फारसीतल्या तर म्हणजे ओलं यावरून. मग ग्रेव्हीनं काय घोडं मारलंय?" त्याचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. बटाटा आला तेव्हा बटाटा ही वस्तू आली, तिला आपल्याकडे नाव नव्हतं. तर्री आली ती रश्शावर तरंगणाऱ्या तेलाच्या लाल थराला आणि त्या थरासकट वाढलेल्या जहाल रश्शाला नेमकं नाव देत आली. तर्री पोहे म्हटलं की नागपुरात कुणाला दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात मिसळीसोबत मागतात ते सॅम्पल. शब्द इंग्रजी, पण त्याला पुणेरी अर्थ आहे आणि तो पक्का आहे. हे सगळे शब्द माझे आहेत, मी ते वापरते. ग्रेव्हीनंही एक नवी वस्तू आणली, ती म्हणजे आधी करून ठेवलेलं पातेलं. त्या पातेल्याला ग्रेव्ही म्हणायला माझी काही हरकत नाही. पनीर मखनीला ग्रेव्ही आहे, खुशाल म्हणा. पण ज्या पदार्थाचा ओलावा त्याच्या स्वतःच्या शिजण्यातून येतो, त्याला त्या पातेल्याचं नाव देऊ नका. कारण नाव दिलं की काही वर्षांत तो पदार्थही त्या पातेल्यातून यायला लागतो. कोल्हापुरी म्हणून सर्रास जे वाढलं जातं ते पाहा. लाल ग्रेव्ही, जास्त तिखट आणि वर दोन सुक्या मिरच्या. कोल्हापुरात घरी जेवलेल्या माणसानं ते ओळखून दाखवावं.

असंच एकदा करीच्या बाबतीत झालेलं आहे. दक्षिणेतल्या भाषांमधला करी हा शब्द पोर्तुगीजांमार्फत इंग्रजांकडे गेला, १७४७ साली हॅना ग्लास या बाईच्या इंग्रजी पाकपुस्तकात भारतीय पद्धतीची करी छापून आली, आणि पुढे एका डब्यातली पिवळी पूड म्हणजे हिंदुस्थानचं सगळं जेवण असा समज साहेबानं करून घेतला. हुमण, तोणाक, शागुती हे गोव्यातले तीन पदार्थ तीन वाटांचे आहेत. एकात मासळी आणि ओलं खोबरं, दुसऱ्यात कडधान्य, तिसऱ्यात मांस आणि भाजलेल्या मसाल्याचं वाटण. इंग्रजीत तिन्हींची करी होते. साहेबाला फरक माहीत नव्हता, त्याला माफ आहे. आपल्याला माहीत आहे.

आपल्याकडे ही नावं लिहून ठेवण्याची परंपराही काही कमी नाही. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं "सूपशास्त्र" छापलं गेलं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी "गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया" लिहिलं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं "रुचिरा" आलं आणि ते लेकीसुनांच्या हाती आहेराबरोबर गेलं. पुस्तकं आहेत, कोश आहेत. पण शब्द टिकतो तो मागणी केल्यानं, आणि जेवणाच्या शब्दाची मागणी ताटावर किंवा मेन्यूकार्डावर होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दुकानांच्या आणि हॉटेलांच्या पाट्या मराठीत असाव्यात यासाठी राज्यानं २०२२ साली कायदा कडक केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि पाट्या बदलल्या. मला त्याचा आनंद आहे. पण त्या मराठी पाटीखालून आत जाऊन बसलं की हातात येणाऱ्या कार्डावर "मटण ग्रेव्ही", "फिश ग्रेव्ही", "एग ग्रेव्ही" असं देवनागरीत छापलेलं असतं. हे अक्षरांचं मराठी झालं. पाटीसाठी आपण भांडलो, ताटासाठी कुणी तोंड उघडलं नाही.

माझी मागणी लहान आहे आणि तिला कायदा लागत नाही. ज्या खाणावळीत आमटी होते तिनं आमटी लिहावं. सार असेल तर सार, रस्सा असेल तर रस्सा. गावाकडचं जेवण म्हणून जी मोठी हॉटेलं महामार्गावर उभी आहेत, बाहेर बैलगाडी आणि आत बाज मांडून बसलेली, त्यांनी तर हे आधी करावं. ते विकतातच गावपण. केटरिंगच्या अभ्यासक्रमांत फ्रेंच पाच सॉस शिकवतात तसे येळवणी, येसर, अळणी, वाटण यांचे धडे असावेत, प्रात्यक्षिकासह आणि गुणांसह. गुणांशिवाय मुलं शिकत नाहीत, हा माझा अनुभव आहे. आणि जे घरी मोबाइलवर पाककृती सांगतात, ज्यांना आज कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त लोक ऐकतात, त्यांनी "आता आपली ग्रेव्ही तयार आहे" म्हणण्याआधी आपली आजी काय म्हणायची ते आठवावं. तोच शब्द बोलावा.

एक भीती मला आहे, ती सांगते. असं काही ठरलं तर लगेच कुणीतरी समिती नेमून प्रमाण शब्दांची यादी करील, राज्यभर एकच शब्द ठरवील, आणि मग ग्रेव्हीच्या जागी सगळीकडे "रस्सा" छापून येईल. ते मला नको आहे. त्यानं काही वाचणार नाही. अलिबागला बोंबलाचं कालवणच हवं, मालवणात वाटणाला वाटप म्हणतात तर तिथल्या कार्डावर वाटपच हवं, बार्शीच्या खाणावळीत कोरड्यास काय आहे ते फळ्यावर खडूनं रोज लिहावं. मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकाला कळलं नाही तर तो विचारील. विचारू दे. वाढणाऱ्या पोरानं दोन वाक्यांत सांगावं की हे काय आहे आणि कशाशी खातात. ते पोरगं माझ्या वर्गातून गेलेलं असेल तर त्याला सांगता येईल, एवढी जबाबदारी मी घेते.